ड्राफ्टमधला बोनस ही उधळपट्टी आहे, या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलचा वार्षिक ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्याची प्रक्रिया, हल्ली जुलैमध्ये होते आणि तो पार पडला की एक दावा दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा. ड्राफ्टमध्ये अगदी वरच्या क्रमांकांवर निवडल्या गेलेल्या अठरा ते बावीस वर्षांच्या मुलांना करारावर सही करण्यापोटी जे ऐंशी-नव्वद लाख डॉलर मोजले जातात ते पाण्यात जातात. त्यांतले बहुतेक जण मेजर लीगपर्यंत पोहोचतच नाहीत. खरे तारे तेराव्या किंवा बासष्टाव्या फेरीत कवडीमोलाने मिळून जातात. हाच पैसा आधी कसोटीला उतरलेल्या खेळाडूंवर लावला तर संघ अधिक सामने जिंकेल. एजंटांच्या हावेने हा बोनस वर्षानुवर्षे फुगत चालला आहे. आणि कोवळ्या वयात एवढी रक्कम हाती आल्याने मुलांची मेहनत करण्याची इच्छाच मरते, म्हणून त्यांना आधी थोडके द्यावे आणि यश मिळाल्यावर भरपूर द्यावे. पुरावा म्हणून स्टीव्ह चिलकॉट, ब्रायन टेलर, मॅट बुश, मार्क अपेल अशी काही नावे जोडलेली असतात. ही नावे खरी आहेत, त्यांच्या अपयशाची हकिगतही बरीचशी खरी आहे आणि म्हणूनच दावा वाचणाऱ्याला पटतो. परंतु त्यातला एकेक मुद्दा सुटा करून हिशेबाला लावला, तर उत्तर नेमके उलट येते. वरच्या क्रमांकाच्या खेळाडूला मिळणारा बोनस त्याच्या बाजारभावाहून कमी असतो, आणि तो कमीच राहावा अशा रीतीने ही सारी व्यवस्था बांधलेली आहे.

आयपीएलचा लिलाव पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाने येथे एक फरक आधी लक्षात घ्यायला हवा. लिलावात एकाच खेळाडूसाठी अनेक संघ बोली लावतात आणि त्यातून निघणारी किंमत बाजाराने ठरवलेली असते. ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. ज्या क्लबने खेळाडूचे नाव पुकारले, त्या एकाच क्लबशी त्याला त्या वर्षी बोलणी करता येतात; देऊ केलेली रक्कम मान्य नसेल तर शाळकरी मुलाने कॉलेजात जावे किंवा कॉलेजच्या मुलाने आणखी एक वर्ष थांबावे, एवढाच पर्याय त्याच्यापुढे उरतो. २०१२ पासून तर पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला लीगने ठरवून दिलेली रक्कम असते, त्या रकमांची बेरीज म्हणजे त्या क्लबचा वर्षाचा कोटा होतो, आणि हा कोटा पाच टक्क्यांहून अधिक ओलांडणाऱ्या क्लबला दंडाबरोबरच पुढच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवडही गमवावी लागते. ही शिक्षा इतकी जबर आहे की आजवर एकाही क्लबने ती रेषा ओलांडलेली नाही. सही झाल्यावर खेळाडू मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगखालच्या तयारीच्या स्पर्धांमध्ये, जातो. तेथून वर आल्यानंतर मेजर लीगमधली सहा पूर्ण वर्षे भरेपर्यंत त्याच्यावर त्याच क्लबचा हक्क राहतो. त्यांपैकी साधारण पहिली तीन वर्षे त्याचा पगार किमान वेतनाच्या आसपास क्लबच ठरवतो आणि पुढची तीन वर्षे तो लवादाच्या चौकटीत, तरीही खुल्या बाजारापेक्षा कमी दराने, ठरतो. बोनस ही या सगळ्या वर्षांच्या हक्काची एकरकमी किंमत आहे. दाव्यात मात्र ती एखाद्या मोसमाचा पगार असावी अशा थाटात मांडली जाते आणि पुढचा सारा गैरसमज तेथूनच सुरू होतो.

आता पहिला मुद्दा, म्हणजे वरचे खेळाडू मेजर लीगपर्यंत पोहोचतच नाहीत हा. ड्राफ्ट १९६५ मध्ये सुरू झाला आणि त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलेला रिक मंडे पुढे १९ मोसम खेळला. तेव्हापासून २०२३ पर्यंतच्या ५९ ड्राफ्टांमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्यांपैकी मेजर लीगचा एकही सामना न खेळलेले खेळाडू तीन आहेत. १९६६ मध्ये मेट्सने घेतलेला कॅचर स्टीव्ह चिलकॉट खांद्याच्या दुखापतीने संपला. त्याच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला रेगी जॅक्सन हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, पोहोचला, म्हणून चिलकॉटचे नाव आजही निघते. १९९१ मध्ये यांकीजने १५ लाख ५० हजार डॉलर देऊन घेतलेल्या ब्रायन टेलरचा चेंडू टाकणारा खांदा १९९३ च्या डिसेंबरमध्ये एका मारामारीत निखळला आणि तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. तिसरा ब्रेडी एकेन, ज्याला २०१४ मध्ये अ‍ॅस्ट्रोजने निवडले, पण ज्याने त्या क्लबकडून बोनस घेतलाच नाही. बाकीचे सगळे पोहोचले. दाव्यात ज्याचे नाव हमखास असते तो मार्क अपेलही २०१३ मध्ये ६३ लाख ५० हजार डॉलर घेऊन, मधल्या काळात खेळ सोडून देऊन, अखेर जून २०२२ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी फिलीजकडून मैदानात उतरला. आणि मॅट बुश तुरुंगवास भोगून आल्यावर २०१६ मध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून उतरला.

नुसते पोहोचणे म्हणजे किमतीचे चीज होणे नव्हे, हे मला मान्य आहे. अपेल मेजर लीगमध्ये एकूण सहा सामने खेळला आणि तेवढ्यासाठी त्याचा बोनस योग्य होता असे कोणीही म्हणणार नाही. पण मग दुसऱ्या टोकाची नावेही त्याच यादीत घ्यायला हवीत. केन ग्रिफी ज्युनियर, चिपर जोन्स, हॅरॉल्ड बेन्स आणि जो माउअर हे पहिल्या क्रमांकाचे चौघे हॉल ऑफ फेममध्ये आहेत. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ, ब्राइस हार्पर, गेरिट कोल, कार्लोस कोरेया हेही पहिल्या क्रमांकाचेच. अपयशी नावांची यादी करून सरासरी काढता येत नाही. तसेच क्रमांक खाली जाईल तशी यशाची शक्यता झपाट्याने घटते हेही खरे आहे, परंतु ठरवून दिलेली रक्कमही तशीच घटते: २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकासाठी ती ९७ लाख २१ हजार डॉलर होती आणि पहिल्या फेरीच्या शेवटी ती ३० लाखांच्याही खाली आलेली होती. मोठा बोनस सरसकट वाटला जात नाही. जेथे यशाची शक्यता सर्वाधिक आहे अशा मोजक्या क्रमांकांवरच तो मिळतो. कॉलेजचे शेवटचे वर्ष संपवलेली मुले नवव्या-दहाव्या फेरीत दहा-वीस हजार डॉलरवर सही करतात, कारण त्यांना परत जायला जागा नसते, आणि हेही त्याच ड्राफ्टमध्ये घडते.

या मुद्द्यात एक गोष्ट मात्र दाव्याच्या बाजूने मान्य करावीच लागते. शाळेतून थेट घेतलेला पिचर हा फार धोक्याचा सौदा आहे. अठराव्या वर्षी ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकणाऱ्या खांद्यावर आणि कोपरावर पुढच्या पाच वर्षांत काय बेतेल हे खेळाडू हेरणारा कोणताही स्काउट सांगू शकत नाही. शाळकरी पिचर पहिल्या क्रमांकावर आजवर तीनदाच निवडला गेला आहे. तिघेही डावखुरे होते आणि तिघांचीही कथा दुःखाची आहे. टेलर आणि एकेन हे त्यांतले दोघे. तिसरा १९७३ चा डेव्हिड क्लाइड, ज्याला टेक्सास रेंजर्सने १ लाख २५ हजार डॉलर दिले आणि मायनर लीगचे तोंडही पाहू न देता, शाळा संपून महिनाही झालेला नसताना, २७ जूनच्या रात्री थेट मेजर लीगच्या मैदानावर उभे केले. प्रेक्षकांची वानवा असलेल्या त्या क्लबचे आर्लिंग्टन स्टेडियम त्या रात्री प्रथमच पूर्ण भरले. क्लबला हवे होते ते मिळाले. क्लाइडची कारकीर्द १८ विजय आणि ३३ पराभवांवर आटोपली. येथे चुकले असेल तर ते मुलाला घाईने वापरून घेण्यात चुकले. आणि क्लबांनी यातून धडा घेतलेला दिसतो, कारण उजव्या हाताने टाकणारा शाळकरी पिचर तर पहिल्या क्रमांकावर आजतागायत कोणी निवडलेलाच नाही. म्हणजे दाव्यात जो धोका उघड करून दाखवल्याचा आविर्भाव असतो तो क्लबांना आधीपासून ठाऊक आहे आणि क्रमांक ठरवताना त्यांनी तो हिशेबात धरलेला आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तो अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. अपेल ज्या २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला होता त्याच ड्राफ्टमध्ये शिकागो कब्जने दुसऱ्या क्रमांकावर क्रिस ब्रायंटला घेतले आणि त्याला ६७ लाख डॉलरच्या आसपास बोनस दिला. २०१५ मध्ये तो वर आला आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला; २०१६ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १९०८ नंतर प्रथमच कब्जने वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. त्या २०१६ च्या मोसमासाठी त्याचा पगार ६ लाख ५२ हजार डॉलर होता. २०१७ मध्ये तो साडेदहा लाख झाला आणि तेवढ्यानेही त्याच्या टप्प्यावरच्या खेळाडूंमध्ये तो विक्रम ठरला. बोनस आणि पहिल्या तीन मोसमांचे पगार यांची बेरीज केली तरी ती ९० लाख डॉलरच्या आत बसते. त्याच क्लबने डिसेंबर २०१५ मध्ये जेसन हेवर्ड या कसोटीला उतरलेल्या आउटफिल्डरशी आठ वर्षांचा १८ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला होता. २०१६ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी जेमतेम .२३० होती आणि होमरन सात. हेवर्डचे क्षेत्ररक्षण उत्तम होते आणि त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या या दोघांपैकी क्लबला स्वस्त कोण पडला, हे उघड आहे.

ब्रायंटच्या बाबतीत आणखी एक तपशील सांगायलाच हवा, कारण या व्यवस्थेचे खरे स्वरूप त्यात दिसते. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचे एक वर्ष धरले जाते. २०१५ च्या सरावाच्या मोसमात ब्रायंट धडाधड होमरन मारत असूनही कब्जने त्याला मायनर लीगमध्ये पाठवले, त्याचे क्षेत्ररक्षण अजून सुधारायला हवे असे कारण दिले आणि १७ एप्रिलला वर आणले. मोसमाच्या अखेरीस त्याचे १७१ दिवस भरले. एका दिवसाने वर्ष हुकले आणि क्लबला त्याच्यावर सहाऐवजी जवळजवळ सात वर्षांचा हक्क मिळाला. खेळाडूंच्या संघटनेने तक्रार केली, ती २०२० मध्ये लवादाने फेटाळली. जो क्लब एका दिवसाचाही हिशेब असा काटेकोर ठेवतो, तो बोनस देताना डोळे मिटून पैसे उधळत असेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

कसोटीला उतरलेल्या खेळाडूंवर पैसा लावावा, हा तिसरा मुद्दा वरवर शहाणपणाचा वाटतो. पण खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा, होईपर्यंत तो बहुधा तिशीजवळ आलेला असतो आणि त्याची सर्वोत्तम वर्षे त्याच्या मूळ क्लबने स्वस्तात वापरून घेतलेली असतात. स्टीफन स्ट्रासबर्गचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. २००९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला १ कोटी ५१ लाख डॉलरचा करार दिला तेव्हा, ज्याने अजून मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकलेला नाही अशा मुलाला एवढे पैसे, अशी ओरड झाली होती. त्याने त्या क्लबला पुढच्या दहा वर्षांत शंभराहून अधिक विजय मिळवून दिले आणि २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्यानंतर, म्हणजे तो पुरता सिद्ध झाल्यानंतर, डिसेंबर २०१९ मध्ये त्याच क्लबने त्याला सात वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले. दुखापतींमुळे त्या कराराखाली तो एकूण आठ सामने खेळून निवृत्त झाला. त्याच महिन्यात अँथनी रेंडनला एंजल्सकडून नेमकी तेवढीच रक्कम मिळाली आणि तोही दुखापतींनी बहुतेक काळ बाहेरच राहिला. ब्रायंटशी कोलोराडो रॉकीजने २०२२ मध्ये १८ कोटी २० लाखांचा करार केला आणि पाठीच्या दुखण्याने त्याचेही तेच झाले. या तिघांच्या कारकिर्दीत क्लबांना नुकसान झाले ते ड्राफ्टच्या बोनसमध्ये झालेले नाही. ते सिद्ध झाल्यानंतरच्या करारांत झाले. सगळेच मोठे करार बुडतात असा याचा अर्थ मी काढत नाही. मात्र दोन्हींकडे धोका आहे, एकीकडे तो साठ लाख ते दीड कोटींचा आहे आणि दुसरीकडे अठरा ते पंचवीस कोटींचा, एवढे तरी मान्य व्हावे.

खालच्या फेऱ्यांतल्या ताऱ्यांचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर, निवडला गेला आणि माइक पियाझा १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर. ही नावे लक्षात राहतात ती त्या फेऱ्यांमधून असे कोणी क्वचितच निघते म्हणून. त्या काळी दरवर्षी हजाराहून अधिक मुले निवडली जात, आणि खालच्या फेऱ्यांतल्या बहुसंख्यांना मेजर लीगचे मैदान कधीच दिसले नाही. पुहोल्स स्वस्तात मिळाला याचा अर्थ तीसही क्लबांच्या स्काउटांची नजर चुकली. जाणूनबुजून स्वस्तात घेण्याची ती युक्ती नव्हती, कारण तो असा निघेल हे ठाऊक असते तर कोणीच त्याला तेराव्या फेरीपर्यंत सोडले नसते. शिवाय खालच्या फेरीतला खेळाडू म्हणजे स्वस्त खेळाडू, हे गृहीतही कच्चे आहे. मुकी बेट्स २०११ मध्ये पाचव्या फेरीत निवडला गेला, पण त्याचे टेनेसी विद्यापीठात जाणे ठरलेले होते आणि ते सोडून देण्यासाठी रेड सॉक्सना त्याला साडेसात लाख डॉलर द्यावे लागले. २०१२ मध्ये अ‍ॅस्ट्रोजने कार्लोस कोरेयाला पहिल्या क्रमांकावर घेतले तेव्हा त्या क्रमांकासाठी ७२ लाख ठरलेले असताना ४८ लाखांवर सौदा केला आणि उरलेल्या पैशातून ४१ व्या क्रमांकावर लान्स मॅकलर्स या शाळकरी पिचरला त्याच्या क्रमांकाच्या मानाने कितीतरी जास्त, म्हणजे २५ लाख, दिले. पाच वर्षांनी दोघेही वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघात होते. खाली मिळालेला चांगला खेळाडूही पुष्कळदा बोनस देऊनच मिळवलेला असतो.

एजंटांच्या हावेने बोनस फुगला, हा मुद्दा इतिहासाला धरून नाही. १९६४ मध्ये, ड्राफ्ट अस्तित्वात नसताना, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिक रायकार्टसाठी क्लबांमध्ये चढाओढ लागली आणि एंजल्सने त्याला २ लाख ५ हजार डॉलर दिले. ही चढाओढ थांबवण्यासाठीच पुढच्या वर्षी ड्राफ्ट आणला गेला आणि पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या आलेल्या रिक मंडेला त्याच्या साधारण निम्मे मिळाले. १९८७ मध्ये केन ग्रिफी ज्युनियरला सिअ‍ॅटलने १ लाख ६० हजार डॉलर दिले, म्हणजे २३ वर्षांपूर्वीच्या रायकार्टपेक्षाही कमी, आणि मधल्या काळात डॉलरची किंमत किती उतरली होती हे वेगळेच. जी व्यवस्था पिढीतल्या सर्वोत्तम खेळाडूला पाव शतकापूर्वीच्या भावाखाली विकत घेऊ देते, तिला फुगलेली म्हणण्याला काही आधार नाही.

खरा बाजारभाव काय असतो हे अधूनमधून अपघाताने उघड होते. निवड झाल्यापासून ठरलेल्या मुदतीत क्लबने लेखी करार पाठवला पाहिजे असा नियम होता. १९९६ मध्ये काही क्लबांनी तो पाळला नाही, आणि त्यामुळे पहिल्या फेरीतले चौघे जण मोकळे झाले. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाचा क्रिस बेन्सन पिट्सबर्ग पायरेट्सकडून २० लाख डॉलर घेत होता आणि तो तेव्हाचा विक्रम होता. मोकळ्या झालेल्यांपैकी ट्रॅव्हिस लीला अ‍ॅरिझोनाने १ कोटी आणि मॅट व्हाइटला टँपा बेने १ कोटी २ लाख डॉलर दिले. एकाच उन्हाळ्यात, एकाच दर्जाच्या मुलांना, बोली लागू शकली तर पाचपट किंमत मिळाली. व्हाइट पुढे खांद्याच्या दुखण्याने मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही, हे दावेदार आनंदाने सांगतील. परंतु किंमत ठरते ती सौद्याच्या दिवशी जे ठाऊक असते त्यावर, आणि त्या दिवशी क्लब स्वखुशीने तेवढे मोजायला तयार होते. २०१५ मध्ये असेच दोन दाखले मिळाले. क्यूबातून आलेला १९ वर्षांचा योआन मोंकाडा ड्राफ्टच्या बाहेर होता. रेड सॉक्सनी त्याला ३ कोटी १५ लाख डॉलर बोनस दिला आणि परदेशी खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा ओलांडल्याबद्दल तेवढाच दंड लीगला भरला. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला आलेल्या डॅन्सबी स्वान्सनला ६५ लाख मिळाले. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये अटलांटा ब्रेव्हजने तुकी तुसाँ हा आदल्या वर्षीचा सोळाव्या क्रमांकाचा पिचर मिळवण्यासाठी अ‍ॅरिझोनाच्या एका जायबंदी ज्येष्ठ पिचरचा सुमारे १ कोटी डॉलरचा पगार स्वतःच्या अंगावर घेतला. तुसाँला स्वतःला आदल्या वर्षी बोनस मिळाला होता तो २७ लाखांचा. वर्षभरात त्याच्यात जो काही बदल झाला असेल त्याने ही तफावत भरून निघत नाही. ती खुली बोली आणि बंद बोली यांतली तफावत आहे.

२०१२ नंतरचे आकडेही हेच सांगतात. गेरिट कोलला २०११ मध्ये ८० लाख डॉलरचा बोनस मिळाला होता. तो आकडा ओलांडायला २०१९ उजाडावे लागले, आणि तेव्हा अ‍ॅडली रचमनला मिळाले ८१ लाख. त्या वर्षीपर्यंत लीगचे वार्षिक उत्पन्न १० अब्ज डॉलरच्या पुढे गेले होते. २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकासाठी १ कोटी ५ लाख डॉलरहून अधिक रक्कम ठरलेली असताना क्लीव्हलंडने ट्रॅव्हिस बझानाशी ८९ लाख ५० हजारांवर करार केला. ज्याच्यापुढे दुसरा ग्राहकच नाही त्याच्या एजंटाला हाव धरून फारसे काही साधता येत नाही.

राहिला मुलांच्या बिघडण्याचा आणि धोक्याचा मुद्दा. क्लबच सगळा धोका पत्करतो आणि मुलगा आरामात राहतो, हे चित्र वस्तुस्थितीला सोडून आहे. कुमार रॉकरची हकिगत पाहावी. त्याच्या आईचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेलेले. वडील अमेरिकन फुटबॉलचे नामवंत प्रशिक्षक. २०२१ मध्ये मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले, ६० लाख डॉलर तोंडी ठरले, मग वैद्यकीय तपासणीनंतर क्लबने हात आखडता घेतला आणि करारच देऊ केला नाही. नियमानुसार मेट्सना पुढच्या वर्षी भरपाई म्हणून अकरावी निवड मिळाली. रॉकरला त्या वर्षी काहीच मिळाले नाही. खांद्यावर शस्त्रक्रिया करून घेऊन, एका स्वतंत्र लीगमध्ये काही सामने खेळून त्याने आपली योग्यता पुन्हा दाखवली, तेव्हा २०२२ मध्ये रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर ५२ लाख दिले. पुढच्या वर्षी कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो अखेर मेजर लीगमध्ये उतरला. ज्याचा हात दोनदा उघडावा लागला त्याला मिळालेली ती रक्कम चैनीची होती असे मला तरी म्हणवत नाही. एकेनच्या वेळीही हेच घडले होते: कोपरातल्या अस्थिबंधाबद्दल शंका आल्यावर अ‍ॅस्ट्रोजने ६५ लाखांचा आकडा खाली आणला, करार मोडला आणि भरपाईच्या निवडीतून पुढच्या वर्षी अ‍ॅलेक्स ब्रेगमन मिळवला. शंका पुढे खरी ठरली, एकेनचे कोपर गेले. पण त्या धोक्यातून सुटण्याची वाट क्लबसाठी होती, त्याच्यासाठी नव्हती.

बोनस हातात आल्यावर मुलगा जेथे जातो त्या मायनर लीगची मिळकतही पाहायला हवी. २०२३ मध्ये प्रथमच तेथील खेळाडूंचा सामूहिक करार झाला आणि त्यानंतर सर्वांत वरच्या ट्रिपल-ए पातळीवर वर्षाला ३५ हजार ८०० डॉलर आणि सर्वांत खालच्या पातळीवर १९ हजार ८०० डॉलर असे किमान वेतन ठरले. त्याआधी खालच्या पातळीवर ते पाच हजारांच्याही आत होते. शेकडो मुलांनी या वेतनात चार-चार जणांत एक खोली भाड्याने घेऊन, मोसम संपल्यावर मिळेल ते काम करून वर्षे काढलेली आहेत. मोठा बोनस मिळालेल्या मुलाला नीट खाता येते, बारा महिने सराव करता येतो, चांगला प्रशिक्षक ठेवता येतो. पैशाने बिघडलेली उदाहरणे नक्कीच आहेत आणि बुशचे जीवन काही काळ उद्ध्वस्त झाले होते हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्यावरून बोनस कमी करावा असे म्हणणाऱ्यांनी, वाचलेला पैसा कोणाकडे राहील, हेही सांगायला हवे. तो खालच्या फेऱ्यांतल्या मुलांना मिळणार असेल तर त्या प्रस्तावावर मी मोकळ्या मनाने विचार करीन. दाव्यात तसे कोठेही म्हटलेले नाही.

उलट त्यात म्हटले आहे ते असे की आधी थोडके द्यावे आणि यश मिळाल्यावर भरपूर. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर ९२ लाख डॉलर मिळाले आणि मे २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये आला. त्या मोसमात त्याचा ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी, १.९६ होता, ऑल-स्टार सामन्याची सुरुवात त्याच्या हातून झाली आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान त्याला मिळाला. २०२५ मध्ये १.९७ ईआरएसह तो एकमताने सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला. यशानंतर भरपूर, या सूत्राने पाहिले तर त्याला काय मिळाले? २०२४ मध्ये किमान वेतन ७ लाख ४० हजार होते आणि त्याचा पगार त्याच दराने होता. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०२२ च्या करारानुसार अशा तरुण खेळाडूंसाठी सर्व क्लब मिळून वर्षाला ५ कोटी डॉलरचा निधी वाटतात, त्यातून त्याला २१ लाखांहून थोडे अधिक मिळाले. त्याच्या तोडीच्या फ्री एजंट पिचरला एकाच मोसमाचे तीन-चार कोटी डॉलर मिळतात. क्लबशी आधीच दीर्घ करार केला नाही तर स्कीन्सला फ्री एजंट होण्यासाठी २०२९ चा मोसम संपेपर्यंत थांबावे लागेल, आणि तोवर त्याच्यासाठी दुसऱ्या कोणत्याही क्लबला बोली लावता येणार नाही.